डबल पाणी

रुचिकाला मनगट मारता येत नव्हतं. छाती मारता येत होती, खांदा मारता येत होता, पोटावर तर ती झोपेतसुद्धा तलवारीचं टोक टेकवून आली असती. पण समोरच्या मुलीचं मनगट अगदी नाकापुढे येऊन नाचलं तरी तिचा हात ऐनवेळी आखडायचा, आणि तेवढ्यात तिच्याच मनगटावर टोक बसून यंत्राचा दिवा पेटायचा. निवड चाचणी महिन्यावर आली होती. इपी नावाची तलवार खेळणाऱ्या मुलीला मनगट मारता येऊ नये, म्हणजे धानाच्या रोवणीला आलेल्या बाईने चिखलात पाय घालायला नाही म्हणावं, तसं झालं होतं.

तिच्या गावात, एकोडीत, या खेळाबद्दल फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. घनश्यामची पोरगी साकोलीला जाऊन तलवार खेळते एवढंच लोकांना माहीत, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात राजा कमी पडला तर हिलाच उभी करू, असं म्हणून ते हसायचे. तलवारी तीन प्रकारच्या असतात आणि एकीवरून दुसरीवर जाणं म्हणजे नुसती मूठ बदलणं नव्हे, हे त्यांना कोण सांगणार! रुचिका चार वर्षं फॉइल खेळली होती. फॉइल हलकी. तिच्यात फक्त धड मारायचं, आणि जी आधी चाल करून आली तिचा हक्क. दोघींची टोकं एकदम लागली तरी गुण हक्कवालीला. इपी जड, तिचं पातं ताठ, आणि तिच्यात हक्कबिक्क काही नाही. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही मारा, जिचं आधी लागेल तिचा गुण. मग जे अंग सगळ्यात पुढे तेच पहिला मार खाणार, आणि सगळ्यात पुढे असतो तो हात.

मंगेश सर साकोलीच्या एका कॉलेजच्या सभागृहात रोज सकाळी सहाला सराव घ्यायचे. त्यांच्या मते हा फॉइलचा जुना रोग होता, औषध केलं की जाणारा. फॉइलवाल्या मुली हात दुमडून पुढे घुसतात, कारण हक्क त्यांचा असतो. इपीत तसं घुसलं की हात उघडा पडतो. म्हणून हात आधी, पाय मागून. मनगट वाटीच्या आड ठेवायचं. वाटी म्हणजे मुठीपुढची गोल ढाल, आणि इपीची चांगली मोठी असते. अंतर राखायचं, समोरचीला येऊ द्यायचं, आणि ती आली की तिच्या मनगटावर टोक नुसतं टेकवायचं, जोर लावायचा नाही. सरांनी एका जुन्या हातमोज्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून तो खांबाला बांधला आणि तिला रोज दोनशे वेळा मारायला लावलं. तणसाच्या हाताला ती शंभरातून नव्वद वेळा बरोबर मारायची. जिवंत हात समोर आला की भोपळा.

फॉइलची सवय आहे, जाईल हळूहळू, असं सर म्हणायचे आणि रुचिका मान हलवायची. त्यांनी सवय म्हणावं, तेच तिच्या सोयीचं होतं.

सवय नव्हती ती. भीती होती, आणि तीही मार खाण्याची नव्हे, मारण्याची.

तीन महिन्यांपूर्वी याच सभागृहात ती उर्वशीबरोबर खेळत होती. उर्वशी साकोलीची, तिची जिवाभावाची मैत्रीण, इपीत जिल्ह्यात पहिली. त्या दिवशी सरावापुरती तिने फॉइल हातात घेतली होती. रुचिकाने छातीवर चाल केली, टोक बसलं, पातं वाकलं, आणि वाकता वाकता सुक्या काटकीसारखं मधोमध तुटलं. तिच्या हातात राहिलेला अर्धा भाग मात्र थांबला नाही. उर्वशीचा हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये चार बोटं जागा उघडी होती, तिथून तो मनगटाच्या वर आत शिरला. उर्वशी ओरडली नाही. तिने फक्त आपल्या हाताकडे पाहिलं, कुणा दुसरीचा हात पाहावा तसं. नागपूरला ऑपरेशन झालं, जखम भरली, पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काही पुन्हा मिटलं नाही. मूठच वळत नाही तर तलवार कशी धरणार?

कुणीही रुचिकाला बोल लावला नाही. पातं जुनं झालं असेल, खेळात असं होतं, असं सर म्हणाले. सगळे तसंच म्हणाले. कुणी एक शिवी घातली असती तर तिला जरा बरं वाटलं असतं.

कारण पातं जुनं नव्हतं. आदल्याच आठवड्यात ते वाकलं होतं आणि तिचा बाप घनश्याम ते परस्पर ताराचंद लोहाराकडे घेऊन गेला होता. धानाच्या बांध्यात जन्म गेलेल्या माणसाला वाकडं अवजार बघवत नाही. विळा वाकला, कुऱ्हाडीचं तोंड फिरलं, की ताराचंद. त्याने ते भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठोकून सरळ केलं आणि चर्रकन पाण्यात बुडवलं की अवजार कडक झालं. याला पाणी पाजणं म्हणतात, आणि ताराचंदचं पाणी चार गावांत नावाजलेलं. घनश्यामने घरी येऊन ते पातं रेतीने घासूनघासून आरशासारखं केलं आणि लेकीच्या हातात दिलं.

ते पाहताच रुचिकाला सरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं होतं. पात्याला आग दाखवायची नाही. वाकलं तर बुटाखाली दाबून, थंडच, हळूहळू सरळ करायचं. आगीत घालून पाणी पाजलेलं पातं लवणं विसरतं, आणि जे लवत नाही ते तुटतं. हे सगळं तिला आठवलं होतं. पण बापाचा चेहरा इतका खुललेला होता आणि पातं इतकं सरळ दिसत होतं, की एवढ्याने काय होतंय, असं म्हणून तिने ते पिशवीत टाकलं.

ही गोष्ट जगात एकट्या रुचिकाला माहीत होती. घनश्यामला कुठे काय चुकलं याचा पत्ता नव्हता. तो बिचारा उर्वशीच्या हाताची हळहळ करत दर रविवारी तिच्या घरी जायचा. कधी तळ्यातली मासोळी, कधी नव्या धानाचे पोहे. त्याला खरं सांगितलं तर तो त्या दारात पुन्हा पाय ठेवू शकणार नाही, हे रुचिकाला कळत होतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि एक दिवस गप्प राहिलं की दुसऱ्या दिवशी तोंड उघडायला दुप्पट धीर लागतो. तिच्याजवळ तर एकपटच नव्हता.

त्यात एका रविवारी ती बापाबरोबर तिथे गेली, तेव्हा उर्वशीचे वडील अमर घरी होते. ते वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला, तिकडेच खोली करून राहणारे, आठवड्यातून एकदा साकोलीला येणारे. माणूस अबोल, पण लोखंडाच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. चहा पिता पिता ते सहज बोलून गेले.

"तो तुटलेला तुकडा कोणी ठेवला का गा? मी पाह्यला असता. लोखंडाचा दाणा पाह्यला का समजते काहून तुटलं तं."

चोराच्या मनात चांदणं. रुचिकाने हातातली बशी खाली ठेवली. तुकडा सरांनी फेकला असेल, असं ती म्हणाली. तुकडा तिच्याच घरी, धान साठवायच्या ढोलीत तळाशी, फडक्यात गुंडाळून पडला होता. ढोलीत धान होतं तोवर ठीक. ते उपसत जाईल तसं काय होईल, या विचाराने ती रोज ढोलीत हात घालून उंची बघत होती. कुंताबाईला, तिच्या आईला, वाटायचं की पोरीला घराची काळजी लागली.

उर्वशीने आपली इपी तिला दिली तीही अशीच, काही बोलायला जागा न ठेवता. जिल्ह्याच्या संघात इपीची जागा रिकामी झाली होती, फॉइलला आधीच दोघी होत्या, आणि रुचिकाला तर फॉइल हातात धरवत नव्हती. माझी इपी तू खेळ, ती कपाटात पडून राहण्यापेक्षा बरी, असं उर्वशी म्हणाली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. रुचिकाने ती दोन्ही हातांनी घेतली. ज्या खेळात मनगटच मारायचं, तोच तिच्या वाट्याला यावा!

चाचणीला पंधरा दिवस असताना उर्वशी सरावाला येऊन बसली. खांबाजवळ बसून तिने तासभर रुचिकाचा खेळ पाहिला. चार मुलींनी रुचिकाचं मनगट फोडून काढलं. सराव संपला, मुली गेल्या, सर बाहेर फोनवर बोलत होते. उर्वशी उठली, कुणाचातरी जाडा हातमोजा तिने त्या अधू हातावर चढवला, दुसऱ्या हाताने बाही मोज्यात नीट खोचली, आणि खेळायच्या पट्टीवर रुचिकासमोर हात पुढे करून उभी राहिली.

"मले माईत हाये तुले कायचं भेव वाटते ते," ती म्हणाली.

रुचिकाने इपी खाली केली. मास्कच्या जाळीतून तिला समोरचं धड दिसेना. तिला वाटलं, झालं, अमरकाकांनी ओळखलं, ढोली सापडली, सगळं संपलं.

"तुले वाटते आता आणखी कोणाचा हात जाईन. माह्या हाताचं झालं त्यात तुही काही चूक नोहती, कितीदा सांगू? मार."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला लाज वाटली. तरी तिने हात पुढे केला. पहिल्यांदा टोक हवेत राहिलं. दुसऱ्यांदाही. उर्वशी हात हलवत नव्हती, मागे घेत नव्हती, नुसती मार, मार म्हणत होती. अकराव्या का बाराव्या खेपेला टोक त्या मनगटावर टेकलं, चिमणीने दाणा टिपावा इतकं हलकं, आणि लगेच मागे आलं. मग पुन्हा. मग उर्वशीने हात हलवायला सुरुवात केली, खाली, वर, वाटीच्या आडून, आणि टोक मागोमाग जाऊ लागलं. चाळीस वेळा मारलं असेल. मास्कच्या आत रुचिका रडत होती, पण मास्क हे त्या बाबतीत फार सोयीचं साधन आहे.

त्या दिवसानंतर तिचा खेळ बदलला. भीती गेली नव्हती. पण भिणारी माणसं अंतर राखतात, आणि इपीला अंतरच लागतं. ती पुढे घुसेना, हात लांब ठेवी, समोरची जवळ आली की मनगटावर टेकवून पाऊलभर मागे. सर खुश झाले. फॉइलचा रोग गेला, असं त्यांनी जाहीर केलं.

चाचणीच्या चार दिवस आधी इपीचा दिवा लागेनासा झाला. पात्याच्या खाचेतून टोकापर्यंत एक बारीक वायर जाते, ती तुटली होती. सरांनी मूठ आणि वायर काढून नुसतं पातं रुचिकाला दिलं आणि खाच घासून साफ करून आणायला सांगितलं. तिने ते आणून घरापुढच्या छपरीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या परीक्षेला गेली. संध्याकाळी परत आली तर पातं चकचकीत होऊन बसलं होतं, खाचसुद्धा साफ. बाबाने घासलेलं दिसतंय, असं तिला वाटलं. परीक्षेने डोकं शिणलेलं होतं. तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सकाळी सरांना नेऊन दिलं. सरांनी नवी वायर चिकटवली.

चाचणी भंडाऱ्याला एका शाळेच्या सभागृहात होती. सकाळी हत्यारं तपासली. टोकावर वजन ठेवून पाहतात, लांबी पाहतात, दिवा पाहतात. पातं तुटेल का हे बघायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही. रुचिका पाच लढती खेळली आणि पाचही जिंकली. जवळजवळ सगळे गुण मनगटावर. हलकं टेकवायचं आणि मागे. उर्वशी भिंतीला टेकून बसली होती, आणि प्रत्येक गुणाला ती अधू हात मांडीवर आपटायची. शेवटची लढत आंधळगावच्या शुभांगीशी. त्या दोघींतली जी जिंकेल ती संघात.

मधल्या सुट्टीत घनश्याम डबा घेऊन तिच्याजवळ येऊन बसला. लेकीने पाच लढती मारल्या म्हणून त्याची छाती फुगली होती. त्याने कडेला ठेवलेल्या इपीवरून मायेने बोट फिरवलं.

"बराबर चालून राहिलं ना?" त्याने विचारलं. "मागचं कच्चं राह्यलं होतं मनून तुटलं. मनून या बारीले मी ताराचंदले सांगतलं, डबल पाणी पाज."

रुचिकाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. सभागृहातले आवाज एकदम लांब गेले. बाप पुढेही बोलत होता. पातं जरा वाकडं दिसलं, तू परीक्षेला गेली होतीस, ताराचंदने दुसरं काम बाजूला ठेवून केलं, असं काहीबाही. तिला फक्त सकाळ दिसत होती. पाच मुली. पाच मनगटं. मनगटावर हलकं मारलं की पातं वाकत नाही, म्हणून ते टिकलं होतं. एकदा, फक्त एकदा जरी तिने जुन्या सवयीने छातीवर चाल केली असती, तर त्यातली एक मुलगी आज घरी गेली नसती.

आणि ती सगळी करणी तिच्याच गप्प बसण्याची होती. बापाला खरं कळलं असतं तर त्याने पात्याला भट्टी दाखवली असती का? तिने त्याला वाचवायला तोंड शिवून घेतलं, आणि पहिलं पातं पाणी कमी पडल्यामुळे तुटलं असा त्या भल्या माणसाने हिशेब मांडला.

पंचांनी पहिला पुकारा केला. एकेका मिनिटाने तीन पुकारे होतात. तिसऱ्यालाही खेळाडू आली नाही तर लढत गेली. शुभांगी पट्टीवर येऊन उभी होती. सोळा वर्षांची, उंच, आणि खेळ असा की अंगावर धावून येणार. अशा मुलीला मनगटावर थोपवता येत नाही, छातीवर घ्यावंच लागतं. तिच्या हातमोज्याची शिवण मनगटाजवळ उसवलेली होती. रुचिकाची नजर तिथे गेली आणि तिथेच खिळली.

सरांजवळ दुसरी एकच इपी होती, ती पुरुषांच्या पट्टीवर, त्यांच्याच सरावातल्या विनोदच्या हातात, त्याची लढत नुकती सुरू झालेली. रुचिका सरांकडे गेली आणि या पात्याने खेळत नाही म्हणाली. सकाळपासून तर छान चाललंय, आता काय झालं, असं सर विचारू लागले. दुसरा पुकारा झाला.

पोट दुखतं म्हणावं, असं तिच्या मनात आलं. एवढं म्हटलं की सुटका. लढत जाईल, पण बाप वाचेल, मैत्रीण राहील, ढोलीतला तुकडा ढोलीत राहील. ताकास तूर लागणार नाही. आणि उद्या हेच पातं दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल. नाही गेलं तर पुढच्या वर्षी आणखी एखादं वाकेल, आणि बाबा तिप्पट पाणी पाजून आणेल, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसेल.

तिने मास्क चढवला. भिंतीच्या कोपऱ्याकडे वळून तिने इपीचं टोक भिंतीला टेकवलं आणि अंगाचा भार दिला. चांगलं पातं धनुष्यासारखं वाकतं. हे थोडंसं वाकलं, मग फटकन आवाज झाला. टोकाकडचा भाग फरशीवर वाजत घनश्यामच्या पायाशी जाऊन थांबला. सभागृहातले सगळे वळून बघू लागले.

"सर, हे भट्टीत घातलेलं होतं," ती म्हणाली. मास्क तिने काढला नव्हता.

घनश्यामने तो तुकडा उचलला. तुटलेलं तोंड त्याने डोळ्याजवळ धरलं. आत साखरेसारखा जाड पांढरा दाणा होता. विळ्याच्या बाबतीत हा दाणा ओळखायला त्याला कुणा कारखान्यातल्या माणसाची गरज नव्हती. जास्त पाणी पाजलेला विळा बांधावर आपटला की असाच जातो, आणि असे दोन-तीन विळे त्याने आयुष्यात फेकले होते. तलवारही त्याच लोखंडाची असते, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याने लेकीकडे पाहिलं.

"पह्यलंबी असंच होतं का?"

"हो, बाबा."

"तुले माईत होतं?"

रुचिकाने मास्क काढला. आता तरी तोंड दाखवायला हवं होतं.

"हो. तुमी आणलं तवाच. सरांनी सांगतलं होतं का आग दाखवू नका. मी तरी तेच घेऊन खेळली."

हे ती बापाला म्हणाली, पण बघत होती भिंतीकडे, जिथे उर्वशी बसली होती. उर्वशी आता उभी होती. तिसरा पुकारा झाला. पंचांनी हात शुभांगीकडे केला आणि लढत संपली. एकही टोक न लागता संघातली जागा आंधळगावला गेली. शुभांगीला काय झालं ते कळलंच नाही. ती मास्क हातात घेऊन गोंधळून उभी राहिली, दोन्ही मनगटं धड असलेली.

घनश्याम सभागृह ओलांडून उर्वशीसमोर गेला. एवढा मोठा माणूस, गावात कुणापुढे मान न वाकवणारा, पण आता मान वर उचलायचं बळ त्याच्यात नव्हतं. त्याने तिचा अधू हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि मनगटावरच्या त्या खुणेवर अंगठा ठेवून तो नुसता उभा राहिला.

"पाणी कायले पाजलं, काका?" उर्वशीने हळूच विचारलं.

"वाकडं होतं मनून, माय," तो म्हणाला.

उर्वशीने हात सोडवून घेतला नाही. मिटणारी तीन बोटं तिने त्याच्या हातावर मिटली. इपीला थोडा बाक असला तर चालतो, मुद्दामसुद्धा देतात, असं ती त्याला समजावून सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. तो मान हलवत ऐकत होता. रुचिका चार पावलांवर उभी होती, हातात मोडकी इपी, आणि त्या दोघांत जायला तिला वाट दिसत नव्हती. बापाला माहीत नव्हतं, म्हणून बापाला माफी होती. तिला माहीत होतं.

संध्याकाळच्या साकोलीच्या बसमध्ये घनश्याम आणि उर्वशी पुढच्या बाकावर बसले. सर आणि विनोद मागे. रुचिका एकटी, पायाशी पिशवी, पिशवीत दोन तुकडे. घरी गेल्यावर ढोलीतला तिसरा काढून अमरकाकांना द्यायचा, एवढं तिने ठरवलं होतं. सांगून टाकलं की भीती जाते असं लोक म्हणतात. तिची गेली नव्हती. दुपारपर्यंत ती एका तुकड्याला भीत होती, आता उर्वशीच्या पाठमोऱ्या मानेला भीत होती.

साकोली आली. उर्वशी उठली, दाराशी जाता जाता रुचिकाच्या बाकापाशी थांबली. तिच्याकडे न बघता, बाकाच्या दांडीवर अधू हात टेकवून ती म्हणाली,

"उद्या सहाले सरावाले येजो. पण माह्याशी बोलू नको. मी बोलीन, तवा बोल."

आणि ती उतरून गेली. दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना रुचिका सभागृहाच्या दारात सायकल लावून उभी होती. आत दिवा लागलेला होता. खांबाला तणसाचा हात बांधलेला होता आणि त्याच्या शेजारी उर्वशी पाठ करून उभी होती. रुचिकाने चपला काढल्या, बूट घातले, आणि काही न बोलता आत गेली.